सुलभादेवी म्हणे!

न्यूझीलंडात हॅमिल्टनजवळ 'ते रापा' नावाच्या भागात, दुधाच्या त्या अवाढव्य कारखान्याच्या अलीकडे, एका नव्याकोऱ्या शेडवर एका बाईचं चित्र लावलंय. चांगलं दोन मजले उंच. नाकात नथ, अंगावर जांभळी पैठणी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि चेहऱ्यावर कॅलेंडरातल्या लक्ष्मीचं हसू. खाली ठसठशीत अक्षरांत, 'मातोश्री सुलभादेवी. हातची चव, मनाची माया.'

या बाईला मी सात वर्षं कुंपणावरून ओळखत होते. नथ तिच्याकडे नव्हती. पैठणी नव्हती. नवरा गेल्यापासून ती मोहरीएवढी टिकली लावायची आणि साडीवर मुलाचं जुनं राखाडी जर्किन चढवायची. पायात मोजे आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी सपाता. अंगठ्यापाशी मोजा चिमटीत धरून पट्ट्यात बसवायची तिची एक खास रीत होती, ती झाली की बाई घराबाहेर पडायला तयार. तिला कुणी 'देवी' म्हटलं असतं तर मागे कोण उभं आहे ते तिनं वळून पाहिलं असतं. आणि 'सुलभा'? त्यासाठीच तर हे लिहायला बसलेय. 

माझा नवरा काशिनाथ म्हणतो, "विनया, राग शांत झाला की लिही." राग शांत झाला की मी भांडी घासते. लिहीत नाही.

मी न्यू लिनला एका केमिस्टकडे फार्मासिस्ट आहे. गल्लीत कुणाला झोप लागत नाही आणि कुणाला बद्धकोष्ठ आहे हे मला नोकरीमुळे कळतं, ते मी मेले तरी सांगत नाही. बाकीचं सगळं कुंपणावरून कळतं, ते मात्र सांगते.

तर शेजारी दाबके राहायला आले दोन हजार एकच्या हिवाळ्यात. यशोधन दाबके, पुण्याचा इंजिनिअर, कॉम्प्युटरवाला. व्हिसाचे पॉइंट्स मोजूनमापून या देशात आला आणि इथल्यांनी विचारलं, "न्यूझीलंडचा अनुभव आहे का?" आता न्यूझीलंडचा अनुभव कर्वे रोडवर बसून कुठून मिळवायचा? बिचारा टॅक्सी चालवायचा. बायको मैत्रेयी मॉलमध्ये अत्तरांच्या काउंटरवर दिवसभर उभी. पदरात तान्ही सिद्धी. तेव्हा मला दोघांची खरंच कीव यायची. हेही लिहून ठेवते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी बोलते.

बाळाला सांभाळायला यशोधनने आईला बोलावून घेतलं. ती आली भर जुलैत, म्हणजे इथल्या कडाक्याच्या थंडीत, एक लोखंडी कढई उराशी धरून. मागून बोटीनं आलेल्या सामानात घरघंटी निघाली. घरघंटी लागली त्याच आठवड्यात तिनं भाजणी केली. तांदूळ वेगळे भाजले, हरभऱ्याची डाळ वेगळी, उडीद वेगळे, ज्वारी, धने, जिरं, सगळं आपापल्या वेळेनं. दोन धान्यं एकत्र कढईत टाकली की तिला ती फसवणूक वाटायची. तो वास आमच्या ओल्या, बुरसट गल्लीत असा काही पसरला की काशिनाथ पेपर टाकून उठला आणि चप्पल शोधायला लागला.

यशोधनच्या डब्यातलं थालीपीठ टॅक्सीत बसलेल्या एका मराठी डॉक्टरांनी चाखलं. त्यांनी पीठ मागितलं. मग हॉस्पिटलातल्या नर्सेसनी मागितलं. मग काय! गॅरेजमधून गाडी बाहेर गेली आणि घरघंटी आत आली. थोड्याच दिवसांत पाकिटं छापून आली. वर नाव 'यशोधन्स'.

मी पाकीट हातात घेऊन विचारलं, "काय रे, भाजतं कोण?"

"आई."

"दळतं कोण?"

"आईच."

"मग हे यशोधन्स कुठून उगवलं?"

"विनयाताई, हा ब्रँड आहे," तो म्हणाला, जणू मला ताप आलाय आणि तो डॉक्टर आहे.

आधी न्यू लिनला दुकान, मग पापाटोएटोला, मग थेट हॅमिल्टन. मी त्याला 'राजे' म्हणायला लागले. सकाळी गाडी काढताना दिसला की हाक मारायची, "राजे, आज कुठल्या गडावर?" तो खूश व्हायचा. टोमणा कळायला माणसाला थोडी फुरसत लागते, ती त्याला नव्हती.

आता यात चोईबाई कशी आली ते सांगते. कोपऱ्यावरची डेअरी तिची. इथं डेअरी म्हणजे दूधकेंद्र नव्हे, ब्रेड, सिगारेट, गोळ्या-चॉकलेटं विकणारं कोपऱ्यावरचं दुकान. चोईबाई कोरियाची, आमच्या दाबकेमावशीच्याच वयाची, केस कुरळे करून घेतलेले, हातात सदा फडकं. एका दुपारी भाजणीचा वास तिच्या गल्ल्यापर्यंत गेला आणि ही बाई दुकान नवऱ्यावर टाकून नाक वर करून वास घेत घेत दाबक्यांच्या गॅरेजात हजर. "मिसुगारु! मिसुगारु!" म्हणून ओरडली आणि डोळे पुसायला लागली. तिची आईही अशीच धान्यं भाजून दळायची म्हणे, आणि ते पीठ पाण्यात कालवून मध घालून प्यायला द्यायची. चोईबाईनं लगेच ग्लासात करून दाखवलं. मावशीनं त्याच पिठात कांदा-कोथिंबीर घालून तव्यावर थालीपीठ लावून दाखवलं. एकीचं इंग्रजी आणि दुसरीचं इंग्रजी मिळून कसंबसं एक वाक्य पुरं व्हायचं, पण दोघींची तेव्हापासून गट्टी जमली.

गट्टी जमली तशी शंकाही आली. एक दिवस मावशी मला कुंपणाशी बोलावून हळूच म्हणाली, "विनया, त्या दोघांचं लग्न झालेलं नसावं गं."

"कुणाचं?"

"डेअरीवाल्यांचं. तो पाक आणि ती चोई."

"मावशी, त्यांना तीन मुलं आहेत."

"मग तर विचारायलाच हवं!"

आणि विचारलंनही. चोईबाई हसून हसून पिठाच्या पोत्यावर बसली. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली होती. पण तिच्या देशात बाई लग्नानंतर बापाचं आडनाव बदलत नाही. "मी चोई. बाप चोई. लग्न केलं म्हणून बाप बदलतो का?" मग तिनं विचारलं, "आणि तू? सुलभा नाव वडिलांनी ठेवलं?"

मावशी कढईतलं उलथणं फिरवत राहिली. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "नाही. सासऱ्यांनी."

ती देवरुखची, पोंक्ष्यांची. बापानं नाव ठेवलं होतं शकुंतला, सगळं गाव शकु म्हणायचं. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि नवरदेवानं, म्हणजे रमण दाबक्यांनी, सोन्याच्या अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहिलं. का? तर घरात एक शकुंतला आधीच होती, आत्तेसासूबाई. एका घरात दोन शकु नकोत, हाक मारली की दोघी येतील.

"मी ताटाच्या समोर बसलेली," मावशी म्हणाली, "अक्षरं मला उलटी दिसत होती. वाचलं तेव्हा वाटलं, दुसऱ्याच कुणा मुलीचं ताट चुकून माझ्यापुढे आलंय."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, पुढच्या दिवाळीच्या आत आत्तेसासूबाई गेल्या. मला वाटलं, आता आपलं नाव परत मिळेल. कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आणि मी तरी कसं मागू? त्या मेल्या, आता नाव मोकळं झालं, द्या मला, असं म्हणू?"

हे सगळं मी चोईबाईला इंग्रजीत सांगितलं. तिनं फडकं खांद्यावर टाकलं आणि हुकूम सोडला, "आजपासून शकु." तिला सोपं. मला वयाचा मान ठेवायचा होता, मी शकुमावशी म्हणायला लागले. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा तिनं असं वळून पाहिलं, की मला उगीचच घरातलं काहीतरी काम आठवलं आणि मी आत पळाले.

चोईबाईनंच तिला ती राणीची गोष्ट सांगितली. सहाशे वर्षांपूर्वी कोरियात एका सेनापतीनं राज्य घेतलं आणि नवं घराणं स्थापलं, ते पुढं पाचशे वर्षं टिकलं. त्याची आई चोई घराण्याची. "आमची मुलगी!" चोईबाई छाती पुढे काढून सांगायची, जणू परवाच माहेरपणाला येऊन गेली. आई बिचारी मुलगा राजा व्हायच्या कितीतरी आधी वारली होती. मुलगा गादीवर बसल्यावर तिला मेल्यानंतर मानाचे किताब दिले. राणी उइह्ये.

"तिचं नाव काय होतं?" शकुमावशीनं विचारलं.

"उइह्ये. राणी उइह्ये."

"तो किताब झाला. नाव. आई तिला काय हाक मारायची?"

चोईबाई हातातल्या फडक्याची घडी घालायला लागली. मग म्हणाली, "ते कुणी लिहून ठेवलं नाही. चोईंची मुलगी, एवढंच माहीत आहे."

शकुमावशी हसली, पण चांगलं हसली नाही. "बघ विनया. राणी केली, नाव नाही ठेवलं. तिचं चोई हे आडनाव तरी राहिलं गं. माझं तेही नाही राहायचं."

त्याच आठवड्यात तिनं मुलाकडे आयुष्यातली पहिली मागणी केली. मी तिथंच होते, भाजणी न्यायला गेले होते. पाकिटाचं नवं चित्र ठरत होतं, टेबलावर सगळे नमुने पसरलेले. ती जर्किनला हात पुसत पुढे आली.

"यशोधन, त्या पाकिटावर शकुची भाजणी असं लिहिता येईल का रे?"

"कोण शकु?" त्यानं मान वर केली नाही.

"मी."

त्याला माहीत होतं, बरं का. लहानपणी मामा घरी आला की शकु म्हणूनच हाक मारायचा. फक्त ते आठवायची कधी गरज पडली नव्हती.

मैत्रेयी म्हणाली, "आई, राग मानू नका हं, पण शकु म्हटलं की... आमच्याकडे भांडी घासायला यायच्या त्या शकुबाई होत्या. पाकिटावर ते बरं नाही दिसत."

"म्हणजे तिलाही नाव होतं," शकुमावशी म्हणाली.

यशोधननं पेन खाली ठेवलं. "आई, तू आमची आई आहेस ना? मग झालं तर! नावानं काय फरक पडतो?"

आता माझ्यानं राहवलं नाही. "फरक पडत नाही तर तुझं का छापलंस, राजे?"

त्याला तो टोमणा मात्र त्या दिवशी कळला. म्हणाला, "विनयाताई, हा आमच्या घरातला विषय आहे." मी भाजणीची पिशवी उचलली आणि बाहेर पडले. घरातला विषय! ज्या घरात तिला अंगावर घालायला मुलाचं जुनं जर्किन, त्या घरातला!

आता गंमत ऐका. यशोधन्सचा पसारा वाढल्यावर पापाटोएटोला भलं मोठं यंत्र बसलं. एका ड्रममध्ये सगळी धान्यं एकदम ओतायची, एकदम भाजायची. उडीद करपलेले, तांदूळ कच्चे. शकुमावशीनं एकदा ती भाजणी जिभेवर ठेवली आणि उठून चूळ भरली. आता तिला काम उरलं नव्हतं. तिनं आणि चोईबाईनं मिळून नवं काम काढलं. घरी कढईत आपल्या पद्धतीनं थोडी थोडी भाजणी करायची, साध्या खाकी पिशव्यांत भरायची आणि डेअरीच्या काउंटरवर गोळ्यांच्या बरणीशेजारी मांडायची. पिशवीवर शकुमावशी जाड पेनानं स्वतः लिहायची, 'शकु'. खाली चोईबाई कोरियनमध्ये तेच लिहायची. इंग्रजी माझ्याकडे.

आणि खपायला लागली की हो! कोरियन आज्या ते दुधात घालून प्यायच्या. मराठी लोक थालीपीठ लावायचे. समोरच्या घरातला माओरी ट्रकवाला ते ओट्ससारखं शिजवून खायचा आणि रोज सकाळी रस्त्यातूनच आपल्या माओरी भाषेत नमस्कार ओरडायचा, "किया ओरा, शाकू!" परपुरुष नावानं हाक मारतोय म्हणून ती पहिल्यांदा पदर सावरत आत पळाली. पुढच्या आठवड्यात त्याच वेळेला फाटकापाशी झाडू घेऊन उभी. मी चिडवलं, "मावशी, अंगण काल झाडलंत की!" तर म्हणाली, "पानं पडतात गं." भर उन्हाळा होता. पानं कुठली!

नात सिद्धी तेव्हा सहाएक वर्षांची. तिला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच. आजीनं टेबलावर पीठ पसरून तिला बोटानं दोन अक्षरं गिरवायला शिकवलं. मराठीतला तेवढाच एक शब्द त्या पोरीला लिहिता यायचा. कुठला ते तुम्हाला कळलंच असेल.

हे सुख पुरतं वर्षभरही टिकलं नाही. यशोधनच्याच दुकानात एका गिऱ्हाइकानं विचारलं, "शकुची भाजणी आहे का? ती जास्त खमंग असते." झालं! राजे गाडी काढून डेअरीत आले, काउंटरवरच्या सगळ्या पिशव्या रोख पैसे देऊन विकत घेतल्या आणि घरी आणून आईच्या पुढ्यात ठेवल्या. मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते. कपडे कधीच संपले होते, पण मी घालत होते.

"आई, आपल्याच धंद्यापुढे आपणच दुकान मांडायचं? लोक हसतील. आणि घरच्या स्वयंपाकघरात केलेलं असं विकता येत नाही इथं, कौन्सिलनं पकडलं तर माझं लायसन्स जाईल."

ती पिशव्या एकीवर एक रचत राहिली. तो ओरडला नाही, हे सांगायला हवं. तो फार प्रेमानं बोलत होता. तेच मला सहन होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली आणि घरघंटी उचलून दुकानात घेऊन गेली. "तिकडे उपयोगी पडेल," तो म्हणाला. लायसन्सचं कारण खरं असेल, मी नाही म्हणत नाही. पण मग एवढी तीन दुकानं ज्याची, त्याला आपल्या एका दुकानाच्या एका कोपऱ्यात आईची कढई नाही ठेवता आली? एक कढई आणि तिच्या नावाची एक पिशवी? नाही आली. त्याला ते सुचलंही नाही, आणि मी सुचवलं तेव्हा त्यानं घड्याळात पाहिलं.

घरघंटी गेल्यावर ती डेकवर, म्हणजे घरापुढच्या लाकडी ओट्यावर, खुर्ची टाकून बसायची. ट्रकवाला हाक मारायचा, ती हात हलवायची, बस. एकदा मला म्हणाली, "विनया, मी गेल्यावर माझं काही करत बसू नका. फक्त कुठंतरी शकु लिहा. मोठं नको. कुणी वाचलं नाही तरी चालेल."

मी म्हटलं, "लिहीन." 

पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि ती गेली. अंत्यविधीला यशोधन ढसाढसा रडला. ते रडणं खोटं नव्हतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हा मला माहीत नव्हतं, हा माणूस रडून झाल्यावर चित्रकार बोलावणार आहे.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये त्याचा फोन आला. ते रापाला नवा कारखाना, आईच्या नावानं. "ताई, तुम्ही तिच्या सगळ्यांत जवळच्या. उद्घाटनाला दोन शब्द बोला."

"नाव काय लिहिलंयस?"

"मातोश्री सुलभादेवी."

"अरे, तिचं नाव शकु. तिनं तुझ्याकडे मागितलं होतं. तुझ्यासमोर, माझ्यासमोर."

"ताई, पन्नास वर्षं ती सुलभा होती. बाबा तिला सुलभा म्हणायचे. कागदोपत्री सुलभा. आता मी लोकांना काय समजावत बसू?"

"आणि ही देवी कुठून काढलीस?"

"जरा भारदस्त वाटतं."

मी फोन ठेवला तेव्हा काशिनाथ म्हणाला, "जायचं नसेल तर नको जाऊया." म्हटलं, वेडा आहेस का? दोन शब्द बोलायचेत मला.

चोईबाईला गाडीत मागे बसवलं आणि आम्ही निघालो. काशिनाथ वाटभर मला बजावत होता, "तोंड आवर हं. गोड बोल. लोक जेवायला आलेले असतात." मी वचन दिलं की फार बोलणार नाही. ते मी पाळलं, हे त्यालाही कबूल आहे.

शेडपुढे मांडव. सनई लावलेली. भिंतीवर ती दोन मजली नथवाली. चोईबाईनं बराच वेळ वर बघितलं आणि मला विचारलं, "ही कोण?"

"शकु."

"नाही," ती ठामपणे म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली.

स्टेजवर मैत्रेयीनं माइक घेतला. समोर चांदीचं ताट, त्यात तांदूळ पसरलेले. "आपल्याकडे लग्नात नववधूचं नाव तांदळात लिहितात ना, त्याच पद्धतीनं आज आपण आईंचं नाव लिहून या वास्तूला देणार आहोत. आणि अंगठीही तीच, बाबांची!"

टाळ्या! मंडपभर टाळ्या! माझ्या कानात कढत तेल ओतल्यासारखं झालं. ज्या ताटानं तिचं नाव पुसलं तसंच ताट, ज्या अंगठीनं पुसलं तीच अंगठी, आणि हे लोक टाळ्या वाजवतायत! यशोधननं बापाची अंगठी धरून सावकाश लिहिलं, 'सुलभादेवी'. फोटोवाल्यासाठी दोनदा थांबला.

चोईबाईनं मला कोपरानं ढोसलं. "ते काय करतात?"

मी सांगितलं.

"पुन्हा?" ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. मग माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले, तर यशोधननं हसून माइक पुढे केला. मी माइक नाही घेतला. ताटापुढे खाली बसले, तळहात टेकवला आणि तांदूळ सारखे केले. सुलभादेवी गेल्या. सनईची टेप चालूच होती, पण मंडपात एकाएकी कुणी खोकेना. मी त्याच्या हातातली अंगठी घेतली. त्यानं दिली, काय चाललंय ते अजून कळलं नव्हतं त्याला. मी लिहिलं, 'शकु'. मोठं नको म्हणाली होती, म्हणून लहानच लिहिलं.

"विनयाताई, हे काय!" मैत्रेयीचा आवाज चिरकला. "अहो, लोक बघतायत!"

"बघू देत. त्यासाठीच तर बोलावलंत."

"ताई," यशोधन दात आवळून हळू म्हणाला, "दोन शब्द बोला म्हटलं होतं मी."

"एकातच भागलं."

त्याचा चेहरा लाल झाला. "माझ्या आईच्या कार्यक्रमात तुम्ही माझा अपमान करताय. तिच्यासाठी मी एवढं उभं केलं..."

"तिनं एवढं मागितलंच नव्हतं रे! तिनं जे मागितलं ते या ताटात मावतंय, बघ!"

तेवढ्यात सिद्धी स्टेजवर चढली. आठ वर्षांची, परकर-पोलक्यात अवघडलेली. तिनं ताटात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "डॅड, दॅट्स आजी. शी टॉट मी दॅट वन." आणि वर भिंतीकडे बोट करून विचारलं, "हू इज दॅट लेडी?"

यशोधननं तांदळाकडे हात नेला, पुसायलाच. हात ताटावर थांबला. पोरगी त्याच्या हाताकडे बघत होती. त्यानं हात मागे घेतला, माझ्याकडून अंगठी काढून घेऊन खिशात टाकली आणि माइकमध्ये म्हणाला, "जेवण तयार आहे, सगळ्यांनी पोटभर जेवून जा."

तुम्हाला वाटत असेल, मग त्यानं पाटी बदलली. छे! नथवाली अजून तिथंच आहे, दुधाच्या टँकरवाल्यांना हसून दाखवते. भाजणीच्या पाकिटांवरही आता तीच आहे, आणि आत उडीद करपलेलेच. यशोधन माझ्याशी बोलत नाही. मधलं कुंपण काढून त्यानं सहा फुटांचं नवं घातलंय. मी स्टूल आणलंय.

त्या दिवशी लोक जेवायला गेले तसा मैत्रेयीनं हुकूम सोडला, "ते तांदूळ कुणीतरी टाकून द्या." मी पर्समधली पिशवी काढली आणि ताट तिच्यात उपडं केलं. तिथं पाणीसुद्धा प्यायले नाही. काशिनाथ जिलबी खाऊन आला, ते मी अजून विसरलेले नाही.

घरी न जाता चोईबाईकडे गेलो. डेअरीच्या मागच्या खोलीत तिनं तो तांदूळ धुऊन शिजवला. जुना तांदूळ, पाणी कमी पडलं, भात टणक झाला. तिनं दोन वाट्या भरल्या, शेजारी तिचं ते तिखट कोबीचं लोणचं वाढलं आणि मला विचारलं, "शकुचा भात?"

"शकुचा," मी म्हटलं.

दोघींनी कणन्‌कण संपवला. माझा राग मात्र तसाच उरला.